रिकामी जागा आणि तिची अट

‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न तुम्हांपैकी प्रत्येकाने मराठीच्या उत्तरपत्रिकेत अनेकदा सोडविला आहे. परंतु त्या प्रश्नाच्या डोक्यावर छापलेल्या सूचनेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ‘योग्य विशेषण घालून रिकाम्या जागा भरा’ अशी ती सूचना असते. तिच्यातील ‘विशेषण’ हा एकच शब्द काढून टाकला तर काय होईल, याचा विचार करून पाहा. ‘तिने ____ फूल तोडले’ या वाक्यात कोणी ‘लाल’ लिहील, कोणी ‘हळूच’ लिहील, तर कोणी ‘काल’ लिहील. तपासणाऱ्या शिक्षकांना यांतील एकही उत्तर चूक म्हणता येणार नाही. मग पुढचा प्रश्न असा असला की, ‘वर भरलेल्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप लिहा’, तर ‘काल’ लिहिणाऱ्याने काय करावे? पहिल्या प्रश्नात अट घातली नाही, म्हणून दुसरा प्रश्नच निरर्थक झाला.

संगणकासाठी ज्या आज्ञावली लिहितात, त्यांतही अशाच रिकाम्या जागा असतात आणि त्यांनाही अशाच अटी घालाव्या लागतात. त्या अटींविषयी आज आम्ही लिहीत आहोत. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आमचा विषय भाषा. संगणकाच्या या प्रांतात आम्ही हौसेने शिरलो असे नाही. एका पारितोषिकाच्या यादीने आम्हांला तेथे नेले.

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेवरील प्रेमापोटी जावा भाषेत एक लहानशी आज्ञावली लिहून दिली होती. पटावरील नावे ती क्षणात क्रमवार लावून देई. तिचा उपयोग पाहून वार्षिक पारितोषिकांच्या वेळी गणिताच्या गुणांची यादीही तिच्याकडेच सोपविण्यात आली. यादी छापून आली, तेव्हा सर्वांत वर एका अशा मुलाचे नाव होते की, जो परीक्षेला बसलाच नव्हता! त्याच्या गुणांच्या रकान्यात ‘गैरहजर’ असे लिहिलेले होते. कार्यालयात थोडा हशा झाला, ती ओळ खोडण्यात आली, आणि उरलेल्यांतील पहिली पाच नावे फलकावर लागली. त्यांचे गुण होते ९८, ९६, ९५, ९३ आणि ९१. यादी उतरत्या क्रमाने अगदी नेटकी दिसत होती, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही.

इयत्ता आठवीतील एक मुलगी दोन दिवस त्या फलकासमोरून येत-जात होती. तिला १०० पैकी १०० गुण मिळाले होते. ती कोणालाच काही बोलली नाही. आपल्याला वर्गात सांगितलेले गुण चुकीचे असावेत, अशी तिने मनाशी समजूत करून घेतली होती. तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. तक्रार करावयास नव्हे. मुलगी जेवत नाही, तेव्हा पेपरात नेमके कोठे चुकले तेवढे सांगा, म्हणजे आम्ही तिची समजूत घालू, एवढेच त्या माउलीचे म्हणणे होते. आम्ही उत्तरपत्रिका काढली. चूक कोठेच नव्हती. मग संपूर्ण यादी काढली, तेव्हा तिचे नाव अगदी तळाशी सापडले.

असे का झाले? त्या रकान्यात एका ठिकाणी ‘गैरहजर’ हा शब्द आला होता, म्हणून सगळा रकानाच आकड्यांचा न राहता शब्दांचा म्हणून वाचला गेला. शब्द लावताना आपण शब्दकोशाची रीत वापरतो: पहिले अक्षर पाहावयाचे; ते सारखे असेल तर दुसरे. त्या रीतीने ‘९८’ आणि ‘१००’ यांची तुलना केली, तर पहिल्याच अक्षराशी निकाल लागतो. ९ पुढचा, १ मागचा. म्हणून ‘९८’ मोठा आणि ‘१००’ लहान. इतर सर्वांचे गुण वीस किंवा त्याहून अधिक होते, तेव्हा १ ने आरंभ होणारा तो एकच ‘शब्द’ तळाशी जाऊन बसला. गुण इंग्रजी अंकांत भरलेले होते, आणि संगणकाच्या सांकेतिक क्रमात त्या अंकांनंतर बऱ्याच अंतराने देवनागरी अक्षरे येतात. म्हणून ‘गैरहजर’ सर्वांच्या वर गेला. एक दिसणारी चूक आम्ही खोडली, आणि तिच्या पोटातील न दिसणारी चूक तशीच राहिली.

आज्ञावली लिहिणारा तो माजी विद्यार्थी माधापूरकडील एका कचेरीत नोकरी करतो. निरोप मिळताच तो रविवारी शाळेत आला. “सर, मी रिकाम्या जागेला अट घातली होती, पण ती अपुरी पडली,” असे तो म्हणाला. तो काय म्हणतो आहे हे समजून घेण्यात आमची सबंध दुपार गेली. त्या दुपारी जे समजले, ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम ‘प्रकार’ म्हणजे काय ते पाहू. संगणकाला जी माहिती द्यावयाची, ती कोणत्या प्रकारची आहे हे जावासारख्या भाषेत आधीच सांगावे लागते. पूर्णांक हा एक प्रकार, मजकूर हा दुसरा, दिनांक हा तिसरा. आपल्या गरजेप्रमाणे ‘विद्यार्थी’ हाही एक प्रकार आपण निर्माण करू शकतो. प्रत्येक प्रकारासोबत त्याला काय काय करता येते, हेही ठरलेले असते. पूर्णांकांची बेरीज होते. दिनांकावरून वार काढता येतो. विद्यार्थ्याचे नाव विचारता येते. माहिती आणि तिला करता येण्याजोगी कामे एकत्र बांधून त्यांची ‘वस्तू’ म्हणून मांडणी करणाऱ्या भाषांना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा म्हणतात.

आता समजा, यादी लावण्याचे काम आहे. पूर्णांकांची यादी लावण्यासाठी एक आज्ञावली, नावांसाठी दुसरी, दिनांकांसाठी तिसरी, असे करीत बसलो तर तेच तेच पुन्हा लिहावे लागेल. रीत तर एकच आहे: दोन घटक घ्यावे, क्रम उलटा असेल तर अदलाबदल करावी, पुढे जावे. म्हणून प्रकाराचे नाव न लिहिता तेथे एक रिकामी जागा ठेवावी आणि वापरणाऱ्याने ती भरावी, ही कल्पना पुढे आली. तिलाच जेनेरिक रचना म्हणतात, आणि त्या रिकाम्या जागेला बहुधा ‘टी’ हे एकाक्षरी नाव देतात.

जावा भाषा १९९५ साली जगापुढे आली, तेव्हा तिच्यात ही सोय नव्हती. यादीत कोणतीही वस्तू घालता येई, आणि बाहेर काढताना ती कोणत्या प्रकारची आहे हे लिहिणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर सांगावे लागे. ते चुकीचे ठरले, तर आज्ञावली चालता चालता मध्येच बंद पडे. गिलाड ब्राखा, मार्टिन ओडरस्की, डेव्हिड स्टाउटमायर आणि फिलिप वॉडलर या चौघांनी १९९८ साली जावामध्ये जेनेरिक रचना कशी आणता येईल याचा आराखडा मांडला, आणि २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत ती प्रत्यक्षात आली. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेत ती २००५ साली आली; तिच्यामागे डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी या संशोधकांचे परिश्रम होते.

परंतु नुसती रिकामी जागा ठेवून भागत नाही. येथेच आपला मुख्य विषय सुरू होतो.

आज्ञावली चालण्यापूर्वी ती वाचून तपासणारा आणि यंत्राच्या भाषेत उतरविणारा जो घटक असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो फार कडक परीक्षक आहे. ‘टी’ या जागी काहीही येऊ शकते असे त्याला सांगितले, तर तो म्हणतो, “ठीक आहे; मग जे जगातील प्रत्येक प्रकाराला करता येते, तेवढेच तुम्ही ‘टी’कडून करून घ्या.” ‘टी’ला डब्यात ठेवता येईल, बाहेर काढता येईल, एकाकडून दुसऱ्याकडे देता येईल. परंतु ‘या दोन टींपैकी मोठा कोणता?’ असे विचारू गेलो, तर तो नकार देतो. कारण प्रत्येक वस्तूला लहानमोठेपण असतेच असे नाही. दोन दिनांकांत आधीचा कोणता हे सांगता येते. दोन चित्रांत आधीचे कोणते? म्हणजे रिकामी जागा जितकी मोकळी, तितके तिच्याकडून करून घेता येण्याजोगे काम थोडे.

हे आम्हांला व्याकरणाच्या मार्गाने अधिक चांगले उमगले. तुम्हांलाही तो मार्ग परिचयाचा आहे, म्हणून तेथून जाऊ.

आपल्याला एक नियम लिहावयाचा आहे, असे समजा: ‘विशेषण द्या, त्याचे स्त्रीलिंगी रूप करून देतो.’ ‘चांगला’ दिले, ‘चांगली’ मिळाले. ‘मोठा’ दिले, ‘मोठी’ मिळाले. नियम असा ठरला की, शेवटचा ‘आ’ काढून ‘ई’ लावावी. कोणी ‘सुंदर’ दिले तर? त्याच्या शेवटी ‘आ’ नाहीच, नियम अडला. म्हणून आपण अट घातली की, विशेषण आकारान्त असले पाहिजे. आता ‘सुंदर’ दारातच अडविला जाईल. पण इतक्यात कोणी ‘जादा’ हे विशेषण आणले. ते आकारान्त आहे, अटीत बसते, आणि आत आल्यावर त्याचे ‘जादी’ होते! मराठीत आपण ‘जादा गाडी’ आणि ‘जादा पैसे’ म्हणतो. ‘जादी गाडी’ कोणी म्हणत नाही. अट पाळली गेली, तरी उत्तर चुकले.

आमची मातृभाषा कोकणी. आमच्या घरी ‘चांगला’ या अर्थी ‘बरो’ म्हणतात आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘बरी’ असे होते. ‘बरो’च्या शेवटी ‘आ’ नाही, ‘ओ’ आहे. तेव्हा आकारान्ताची अट त्यालाही दारातच अडवील, जरी त्याला स्त्रीलिंगी रूप उत्तम प्रकारे देता येत असले तरी! म्हणजे ती अट एका बाजूने ढिली आणि दुसऱ्या बाजूने आवळ आहे. जादाला ती आत घेते आणि बरोला बाहेर ठेवते.

आपल्या बरकतपुऱ्यात तर या नियमाची परीक्षा रोज होते. घरी मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, असे तुमचे दिवस जातात. दखनीतील ‘अच्छा’ लिंगाप्रमाणे ‘अच्छी’ होतो. तेलुगूतील ‘मंचि’ मात्र मुलालाही मंचि आणि मुलीलाही मंचि. या सर्व शब्दांना एकाच नियमात न्याय द्यावयाचा असेल, तर अट कोणती घालावी? शब्दाच्या शेवटी काय आहे, हे पाहून चालणार नाही. शब्दाला आपले स्त्रीलिंगी वेगळे रूप देता येते की नाही, हे पाहावे लागेल. व्याकरणात अशा विशेषणाला विकारी म्हणतात. ‘विकारी विशेषण द्या’ अशी अट घातली की ‘चांगला’, ‘बरो’ आणि ‘अच्छा’ हे तिघेही आत येतात. ‘सुंदर’, ‘जादा’ आणि ‘मंचि’ हे तिघेही बाहेर राहतात. शिवाय रूप कसे करावयाचे हे आता नियमाने सांगण्याचे कारण उरत नाही. ते प्रत्येक शब्द आपल्या भाषेच्या चालीने स्वतःच करतो. नियम फक्त एवढेच म्हणतो, “तुझे स्त्रीलिंगी रूप सांग.”

प्रकाराच्या रिकाम्या जागेला अट घालणे म्हणजे नेमके हेच होय. वस्तूचे बाह्यरूप पाहावयाचे नसून तिच्या अंगी असलेली कुवत मागावयाची असते. अशा कुवतीच्या लेखी कराराला जावामध्ये इंटरफेस म्हणतात. ‘कंपॅरेबल’ नावाचा एक इंटरफेस आहे. जो प्रकार त्यावर सही करतो, तो आपल्या दोन वस्तूंत कोणती आधी आणि कोणती नंतर हे सांगण्याचे वचन देतो. यादी लावणारा मग आपल्या रिकाम्या जागेसमोर लिहितो: ‘टी एक्स्टेंड्स कंपॅरेबल’, आणि त्यापुढे कोनी कंसात पुन्हा एकदा ‘टी’. शेवटी पुन्हा आलेला हा ‘टी’ उगीच नाही. दिनांकाची तुलना दिनांकाशी व्हावी, नावाशी होऊ नये. तुलना आपल्याच जातीच्या वस्तूशी व्हावी, असे तो सांगतो. सी शार्पमध्ये हीच गोष्ट ‘व्हेअर टी’ असे लिहून त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे देऊन सांगतात. ‘जेथे टी असा असा असेल तेथे’ असा त्याचा सरळ अर्थ होतो.

या एका ओळीचे परिणाम दोन बाजूंना होतात. आज्ञावली लिहिणाऱ्याला तुलना करण्याचा अधिकार मिळतो. कंपायलर आता त्याला अडवीत नाही. ती आज्ञावली वापरणाऱ्यावर मात्र कर्तव्य येते. तुलना न करता येणारा प्रकार त्याने भरला, तर कंपायलर त्याला दारातच थांबवितो. सी प्लस प्लस या भाषेत पूर्वी अशी अट उघडपणे लिहिण्याची सोय नव्हती. त्यामुळे चुकीचा प्रकार भरला की चुकीचा संदेश थेट आतल्या रचनेतून बाहेर येई. तो इतका लांब आणि दुर्बोध असे की, दोष आपल्या वापरात आहे की मूळ आज्ञावलीत, हेच कळत नसे. तेथेही २०२० सालच्या प्रमाणकात ‘कॉन्सेप्ट’ या नावाने अटी आल्या.

ही कल्पना कोणा एकाच्या डोक्यातून एकाएकी निघाली नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह या विदुषीने आपल्या विद्यार्थ्यांसह ‘क्लू’ नावाची भाषा रचली. संच ही कल्पना घ्या. संचात एकच घटक दोनदा येत नाही. म्हणून नवा घटक घालण्यापूर्वी तो आधीपासून आहे का, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी दोन घटक सारखे आहेत की नाहीत हे सांगता आले पाहिजे. क्लू भाषेत संच लिहिताना ‘ज्या प्रकाराला समानता तपासता येते असा प्रकार’ अशी अट ‘व्हेअर’ या शब्दानेच लिहीत असत. लिस्कोव्ह यांना २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे १९८५ साली लुका कार्डेली आणि पीटर वेग्नर यांनी अशा मर्यादित रिकाम्या जागांचा शास्त्रीय विचार एका प्रदीर्घ निबंधात मांडला. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत अटींना स्थान दिले. गो ही भाषा अनेक वर्षे या सोयीवाचून चालली. २०२२ सालच्या मार्चमध्ये तिच्यातही रिकाम्या जागा आल्या आणि त्यांच्याबरोबरच त्यांच्या अटीही आल्या.

आता आपल्या यादीकडे परत येऊ. आमच्या माजी विद्यार्थ्याने आपल्या आज्ञावलीत ‘कंपॅरेबल’ची अट घातली होती. नावांसाठी ती पुरेशी होती. गुणांचा रकाना मजकूर म्हणून आला, तेव्हा कंपायलरने त्यालाही आत घेतले. कारण मजकूर हाही तुलना करता येण्याजोगाच प्रकार आहे. त्याने आपले वचन पाळले. पण ते वचन शब्दकोशाच्या क्रमाचे होते आणि आम्हांला हवा होता मोजणीचा क्रम. ‘आकारान्त’ या अटीतून ‘जादा’ जसा आत शिरला, तसाच हा प्रकार झाला.

मग त्याने आमच्यासमोर गुणानुक्रमासाठी वेगळी रचना केली आणि तिच्या रिकाम्या जागेला एकाऐवजी दोन अटी घातल्या. जावामध्ये ‘टी एक्स्टेंड्स नंबर’ असे लिहून पुढे ‘अँड’चे चिन्ह देऊन ‘कंपॅरेबल’ लिहिता येते. म्हणजे टी ही संख्या असली पाहिजे आणि तिची तुलनाही करता आली पाहिजे. दोन्ही का, असे आम्ही विचारले. त्यावर तो म्हणाला की, नुसते ‘कंपॅरेबल’ म्हटले तर मजकूर आत येतो हे आपण पाहिलेच. नुसते ‘नंबर’ म्हटले तरी भागत नाही, कारण जावातील ‘नंबर’ या प्रकाराने स्वतः तुलनेचे वचन दिलेले नाही. ‘अ‍ॅटॉमिक इंटिजर’ नावाचा एक प्रकार संख्या आहे, परंतु तुलनेच्या करारावर त्याची सही नाही. पूर्णांक या प्रकाराने मात्र दोन्ही वचने दिलेली आहेत, म्हणून तो आत येतो. सी शार्पमध्ये २०२२ सालापासून ‘आयनंबर’ नावाची एकच अट ही दोन्ही कामे करते.

त्याने नवी आज्ञावली जुन्या रकान्यावर लावून पाहिली. या वेळी यादी आलीच नाही. कंपायलरने ती आज्ञावली चालविण्यापूर्वीच परत केली: येथे मजकूर चालणार नाही. मग प्रत्येक गुणाचे मजकुरातून पूर्णांकात रूपांतर करणे भाग पडले, आणि ते करताना तो ‘गैरहजर’ समोर उभा राहिला. त्याचा पूर्णांक कसा करावयाचा? शून्य धरावे काय? शून्य गुण मिळविणारा आणि परीक्षेला न बसलेला हे दोघे सारखे नव्हेत. शेवटी गैरहजर विद्यार्थ्यांची नोंद वेगळी ठेवावयाची असे ठरले. आम्ही ज्या प्रश्नावर हसून ओळ खोडली होती, त्या प्रश्नाचे उत्तर त्या अटीने आमच्याकडून घेतले.

मात्र अटीवर सगळा भार टाकून निर्धास्त होऊ नये. नावांच्या यादीत अट बरोबर होती, तरी क्रम सर्वस्वी आपला नव्हता, हे त्याच दुपारी ध्यानात आले. आपल्या वर्णमालेच्या तक्त्यात ‘ह’नंतर ‘ळ’ येतो आणि त्यानंतर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात. युनिकोड या जागतिक संकेतात मात्र ‘ळ’ची जागा ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘व’च्या आधी आहे, आणि ‘क्ष’ला स्वतंत्र जागा नाही, तो ‘क’, हलन्ताची खूण आणि ‘ष’ असा मिळून लिहिला जातो. म्हणून यंत्राच्या सहज क्रमात क्षमाचे नाव हेमाच्या बरेच आधी येते. तक्त्याच्या क्रमाने ते नंतर आले पाहिजे. तुलना होते हे वचन खरे. ती आपल्या रीतीने होते असे वचन कोणी दिलेले नव्हते. अशा वेळी तुलनेची रीत आज्ञावलीला वेगळी पुरवावी लागते, आणि तशी सोय या भाषांत आहे. पण ती हवी आहे हे ओळखणारा माणूसच लागतो.

अट घालताना दोन चुका संभवतात. एक, अट फार सैल ठेवणे. तिची फळे आम्ही पाहिली. दुसरी, अट फार आवळणे. आमच्या विद्यार्थ्याने चिडून ‘फक्त पूर्णांकच चालेल’ असे लिहिले असते, तर पुढील वर्षी साडेअठ्ठ्याण्णव गुण आले असते तेव्हा तीच आज्ञावली निरुपयोगी ठरली असती. ‘बरो’ला बाहेर ठेवणाऱ्या नियमासारखी तिची गत झाली असती. जे काम करावयाचे आहे, त्याला जी कुवत खरोखर लागते तेवढीच मागावी. तिच्याहून कमी नको आणि जास्तही नको. अट घालण्यापूर्वी आपले काम काय आहे हे आपल्याला नीट माहीत असावे लागते, आणि कठीण भाग तोच आहे.

दुरुस्त यादी सोमवारी सकाळी फलकावर लागली. पहिल्या ओळीत त्या मुलीचे नाव होते. पहिली यादी चुकीची होती आणि चूक शाळेची होती, असे खाली एका ओळीत आम्ही स्पष्ट लिहिले. कारण दोन दिवस त्या मुलीने ती चूक स्वतःची मानली होती. ती फलकापाशी आली, यादी वाचली, मग ती खालची ओळही वाचली, आणि काही न बोलता वर्गात गेली. त्या दिवशी तासाला तिने प्रश्न विचारला. गेले दोन दिवस तिने एकही विचारला नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील काहीजण पुढे आज्ञावली लिहाल, बरेचजण लिहिणार नाहीत. पण याद्या, नियम आणि सूचना तुम्ही सर्वच कधीतरी लिहाल. तेव्हा कोठे रिकामी जागा सोडाल, तर तिच्यात काय चालेल ते आधी नीट लिहून ठेवा. त्या जागी पुढे कोणाचे नाव येणार आहे, हे लिहिताना आपल्याला ठाऊक नसते.